त्रिनिदादमध्ये रजा कधी टाकावी? सार्वजनिक सुट्ट्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीसाठी त्रिनिदादला येणारी मराठी मंडळी, सेंट ऑगस्टीनच्या विद्यापीठात शिकायला किंवा शिकवायला आलेले लोक आणि त्यांना भेटायला यायचं ठरवणारे आईवडील वर्षभर हे प्रश्न पाठवत असतात. एकच उत्तर पुन्हापुन्हा लिहिण्यापेक्षा सगळं इथे एकत्र केलं आहे. तारखांची उदाहरणं मुख्यतः २०२७ ची आहेत, कारण जोडून सुट्ट्या मिळण्याच्या दृष्टीने ते वर्ष फार चांगलं आहे.

१. त्रिनिदादमध्ये वर्षाला एकूण किती सार्वजनिक सुट्ट्या असतात?

चौदा. त्यांचे तीन गट लक्षात ठेवले की पुढचं सगळं सोपं जातं.

नऊ सुट्ट्यांची तारीख पक्की असते: १ जानेवारी, ३० मार्च (स्पिरिच्युअल बॅप्टिस्ट मुक्ती दिन), ३० मे (भारतीय आगमन दिन), १९ जून (कामगार दिन), १ ऑगस्ट (आफ्रिकन मुक्ती दिन), ३१ ऑगस्ट (स्वातंत्र्य दिन), २४ सप्टेंबर (प्रजासत्ताक दिन), २५ डिसेंबर आणि २६ डिसेंबर. तीन सुट्ट्या ईस्टरबरोबर पुढेमागे सरकतात: गुड फ्रायडे, ईस्टर सोमवार आणि कॉर्पस क्रिस्टी (एक कॅथलिक सण). उरलेल्या दोन चंद्रावर अवलंबून आहेत: रमजान ईद आणि दिवाळी. या दोन्ही १९६६ पासून राष्ट्रीय सुट्ट्या आहेत.

या यादीत कार्निव्हल नाही. त्याबद्दल पुढचा प्रश्न नीट वाचा.

२. कार्निव्हलच्या सोमवारी-मंगळवारी सगळं बंद असतं. मग ती सुट्टीच झाली ना?

कायद्याने नाही. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. ॲश वेन्सडेच्या (ईस्टरपूर्वीचा ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो तो बुधवार) आधीचे सोमवार आणि मंगळवार हे कार्निव्हलचे दिवस. बँका बंद, शाळा बंद, बहुतेक कार्यालयं बंद आणि पोर्ट ऑफ स्पेनचे मुख्य रस्ते वाहनांना बंद. पण सार्वजनिक सुट्ट्यांच्या कायद्यातल्या यादीत हे दोन दिवस नाहीत.

याचा अर्थ असा की हे दोन दिवस तुम्हाला मोकळे मिळतात ते कंपनीच्या धोरणामुळे किंवा रिवाजामुळे. काही ठिकाणी ते भरपगारी मोकळे असतात, काही ठिकाणी तुमच्या वार्षिक रजेतून वळते होतात. चोवीस तास चालणारे कारखाने, रुग्णालयं, हॉटेलं इथे तर नेहमीसारखी पाळी लागू शकते. नव्या नोकरीत रुजू होताना मनुष्यबळ विभागाला एका ओळीचा ईमेल करा: ‘कार्निव्हल सोमवार आणि मंगळवार माझ्या रजेतून कापले जातात का?’ उत्तर लेखी घ्या. आपल्याकडे फॅक्टरीच्या यादीत गणेश विसर्जनाची सुट्टी आहे की नाही हे जसं बघतो, तसंच हे.

दुसरी गोष्ट म्हणजे ॲश वेन्सडे हा पूर्ण कामाचा दिवस आहे. सोमवारी पहाटे चारला सुरू होणाऱ्या जूव्हेमध्ये, म्हणजे कार्निव्हलच्या पहिल्या मिरवणुकीत, चिखल आणि रंग अंगावर घेऊन नाचलेली, मग मंगळवारी दिवसभर पिसांच्या पोशाखात मिरवणुकीत चाललेली निम्मी माणसं बुधवारी समुद्रावर जाऊन पडलेली असतात. त्या दिवशी अचानक आजारी पडणाऱ्यांकडे इथले साहेब बारकाईने बघतात. कार्निव्हल अनुभवायचा असेल तर बुधवारची रजा आधीच मंजूर करून घ्या. २०२७ मध्ये कार्निव्हल ८ आणि ९ फेब्रुवारीला आहे, ॲश वेन्सडे १० फेब्रुवारीला.

३. सुट्टी शनिवारी किंवा रविवारी आली तर बदली सुट्टी मिळते का?

रविवारी आली तर सोमवार मिळतो. शनिवारी आली तर काहीच मिळत नाही, सुट्टी बुडाली.

या एका नियमामुळे दोन वर्षांत केवढा फरक पडतो ते बघा. २०२६ मध्ये ३० मे, १ ऑगस्ट आणि २६ डिसेंबर या तिन्ही तारखा शनिवारी. सोमवार ते शुक्रवार काम करणाऱ्याच्या हातून तीन सुट्ट्या गेल्या. २०२७ मध्ये याच तीन तारखा रविवारी येतात, म्हणून ३१ मे, २ ऑगस्ट आणि २७ डिसेंबर हे तीन सोमवार मोकळे मिळतात. २०२७ मध्ये शनिवारी बुडतात त्या १९ जून आणि २५ डिसेंबर.

ख्रिसमस रविवारी आला तर? तेव्हा २६ तारखेच्या सोमवारी बॉक्सिंग डेची सुट्टी असतेच, म्हणून बदली सुट्टी मंगळवारी, २७ ला जाते. २०२२ मध्ये असंच झालं होतं आणि सलग चार दिवस मिळाले होते.

४. दोन सुट्ट्या एकाच दिवशी आल्या तर एक वाया जाते का?

जात नाही. लगतचा दुसरा दिवस सुट्टी म्हणून मिळतो. कॉर्पस क्रिस्टी नेहमी गुरुवारी असतो आणि ईस्टरनंतर साठाव्या दिवशी येतो, त्यामुळे तो अधूनमधून एखाद्या पक्क्या तारखेवर येऊन बसतो. २०२४ मध्ये तो ३० मेला, म्हणजे भारतीय आगमन दिनावर आला, आणि शुक्रवार ३१ मेची सुट्टी मिळाली. २०२५ मध्ये तो १९ जूनला, कामगार दिनावर आला आणि शुक्रवार २० जून मोकळा मिळाला. एकही रजा न टाकता गुरुवार ते रविवार!

५. २०२७ मध्ये कमीत कमी रजा टाकून जास्तीत जास्त दिवस कुठे मिळतील?

माझ्या मते दोनच जागा आहेत आणि बाकी सगळं दुय्यम आहे.

पहिली जागा मार्चअखेर. गुड फ्रायडे २६ मार्चला, ईस्टर सोमवार २९ ला आणि लगेच मंगळवारी ३० मार्च, बॅप्टिस्ट मुक्ती दिन. शुक्रवार ते मंगळवार सलग पाच दिवस, एकही रजा न टाकता. त्याला ३१ मार्च, १ आणि २ एप्रिल अशा तीन रजा जोडल्या की ४ एप्रिलच्या रविवारपर्यंत दहा दिवस झाले. भारतात जाऊन यायला दहा दिवस अपुरेच आहेत (प्रश्न १२ पहा), पण टोबॅगो (याच देशाचं दुसरं बेट) किंवा शेजारच्या ग्रेनाडा, बार्बाडोससारख्या बेटांवर जाण्यासाठी पुष्कळ झाले.

दुसरी जागा मेअखेर. कॉर्पस क्रिस्टी गुरुवारी २७ मेला. ३० मे रविवारी, म्हणून सोमवारी ३१ ला सुट्टी. मधल्या शुक्रवारची, २८ मेची, एकच रजा टाकली की पाच दिवस. ही एक रजा ऑफिसातला प्रत्येक जण मागणार आहे, हे लक्षात घेऊन अर्ज जानेवारीतच देऊन ठेवा. त्या आठवड्याचे २४, २५, २६ हेही टाकले तर चार रजांमध्ये २२ ते ३१ मे असे दहा दिवस होतात.

यांच्या खालोखाल ऑगस्टअखेर: ३१ ऑगस्ट मंगळवारी आहे, सोमवार ३० ची रजा टाकून चार दिवस. २ ऑगस्टचा सोमवार आणि २४ सप्टेंबरचा शुक्रवार हे रजा न टाकता मिळणारे तीन-तीन दिवसांचे आठवडाअखेर. वर्षाच्या शेवटी २८ ते ३१ डिसेंबर अशा चार रजा टाकल्या तर २५ डिसेंबर ते २ जानेवारी असे नऊ दिवस मिळतात, पण १ जानेवारी २०२८ शनिवारी असल्याने ती सुट्टी बुडतेच. चार रजा शिल्लक असतील तर त्या मेमध्ये वापराव्यात असं मी सांगेन. कार्निव्हलचा आठवडा मी या हिशेबात धरलेला नाही, कारण ते दोन दिवस कंपनीगणिक बदलतात.

६. वार्षिक पगारी रजा किती मिळते? कायद्याने ठरलेली आहे का?

ती तुमच्या नेमणूकपत्रात किंवा युनियनच्या करारात लिहिलेली असते. खासगी क्षेत्रात सगळ्यांना सारखी लागू होणारी संख्या गृहीत धरू नका, कंपनीगणिक फरक असतो. पत्र वाचताना तीन गोष्टी पाहा. रजा कामाच्या दिवसांत मोजली आहे की कॅलेंडरच्या दिवसांत, कारण चौदा कॅलेंडर दिवस म्हणजे प्रत्यक्षात दहाच कामाचे दिवस. रजेच्या मध्ये आलेली सार्वजनिक सुट्टी रजेतून कापली जाते की नाही. आणि न वापरलेली रजा पुढच्या वर्षी नेता येते का. मधली सुट्टी कापली जात असेल तर प्रश्न ५ मधला हिशेब तुमच्यासाठी बदलेल, म्हणून हे आधी पाहा.

७. सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलं तर?

बोलावू शकतात. त्या दिवसाचा दर नेहमीच्या दरापेक्षा जास्त असतो, पण कोणाला लागू आणि किती, हे तुमच्या करारावर आणि पदावर ठरतं. अधिकारी पदावरच्यांना बरेचदा पैशांऐवजी बदली रजा देतात. कार्निव्हलच्या दोन दिवसांना हा जादा दर आपोआप लागू होत नाही. कारण प्रश्न २ मध्ये आहे.

८. तिथली दिवाळी कालनिर्णयातल्याच तारखेला असते का?

बहुतेक वर्षी हो, पण कालनिर्णय पाहून विमानाचं तिकीट काढू नका. त्रिनिदादचं घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे आहे. अमावस्या एकच असली तरी ती कोणत्या संध्याकाळी सापडते हे दोन ठिकाणी वेगळं असू शकतं.

२०२७ हेच उदाहरण घ्या. भारतात लक्ष्मीपूजन शुक्रवारी २९ ऑक्टोबरला आहे. त्या दिवशी अमावस्या भारतीय वेळेप्रमाणे संध्याकाळी सातच्या सुमारास संपते. त्या क्षणी त्रिनिदादमध्ये सकाळचे साडेनऊ वाजलेले असतील. म्हणजे २९ च्या संध्याकाळी तिथे अमावस्या उरलेली नसेल, ती आदल्या संध्याकाळी, २८ ला असेल. सुट्टीची तारीख सरकार इथल्या हिंदू संस्थांचं म्हणणं घेऊन जाहीर करतं. ती जाहीर होईपर्यंत २८ आणि २९ हे दोन्ही दिवस मोकळे ठेवा.

दिवाळीलाही रविवारचा नियम लागू आहे. २०२३ मध्ये दिवाळी रविवारी १२ नोव्हेंबरला होती आणि सोमवारी १३ ला सुट्टी मिळाली.

९. धनत्रयोदशी ते भाऊबीज असे किती दिवस सुट्टी असते? गणपतीला, होळीला, दसऱ्याला?

दिवाळीचा एकच दिवस. पाडवा, भाऊबीज हे कामाचे दिवस. गणेश चतुर्थी, दसरा, महाशिवरात्र आणि होळी यांची सार्वजनिक सुट्टी नाही.

पण सुट्टी नाही म्हणून सण नाही असं मुळीच समजू नका. होळीला इथे फगवा म्हणतात. तो मोकळ्या मैदानांवर, बहुधा रविवारी, हजारो लोकांच्या गर्दीत खेळला जातो आणि चौताल, म्हणजे होळीची समूहगीतं, गाणाऱ्यांच्या स्पर्धा होतात. इथे आलेले बहुतेक भारतीय भोजपुरी पट्ट्यातून आले, त्यामुळे सणांची घडण तिकडची आहे. आपल्या पद्धतीचा गणपती आपणच घरी बसवावा लागतो, आणि विसर्जन जवळच्या शनिवार-रविवारी करणारी कुटुंबं आहेत. स्थापनेच्या दिवसाची एक रजा वर्षाच्या सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवा.

१०. ईदची तारीख आधीपासून कशी कळणार?

पक्की कळत नाही. अंदाज करता येतो, शिक्कामोर्तब चंद्रदर्शनाशी जोडलेलं असतं. २०२७ मध्ये रमजान ईद १० मार्चच्या आसपास आहे. अशा आठवड्यात परत न मिळणारं तिकीट काढू नका आणि महत्त्वाची बैठकही ठेवू नका. बकरी ईदला सार्वजनिक सुट्टी नाही. मोहरमलाही नाही, पण सेंट जेम्स आणि सेड्रोसमधली होसेची मिरवणूक, कागद-बांबूचे उंच ताझिये आणि रात्रभर चालणारे ताशे, हे बघण्यासाठी एक रजा टाकणं योग्यच आहे. ताशाचा आवाज कानावर पडला की मराठी माणसाचे पाय थबकतात.

११. दिवाळीची सुट्टी फिरायला जाण्यासाठी वापरावी का?

माझं ठाम मत आहे, नाही. त्या रात्री बेट सोडून जाणं म्हणजे वर्षातली सर्वांत सुंदर रात्र हातची घालवणं.

चग्वानासजवळच्या फेलिसिटी गावात संध्याकाळी जाऊन बघा. बांबू उभे चिरून, वाकवून त्यांच्या कमानी, चक्रं, मोर केलेले असतात आणि प्रत्येक वळणावर मातीची पणती ठेवलेली असते. पणतीत खोबरेल तेल, त्यात कापसाची वात. लहान मुलं बाटलीने तेल घालत रांगेतून फिरत असतात. वीज लावलेली घरंही असतात, पण गर्दी थांबते ती पणत्यांसमोर. कोणाच्याही अंगणाशी रेंगाळलात की घरातून कोणीतरी बाहेर येतं आणि हातात पिशवी ठेवतं: कुरमा (शंकरपाळ्यांसारखा गोड पदार्थ), बर्फी, परसाद. आत बोलावलं तर सोहारीच्या हिरव्या, रुंद पानावर जेवण वाढतात. बस-अप-शट नावाची तुकड्या-तुकड्यांची रोटी, छोले-बटाटा, लाल भोपळा, कैरीची भाजी. सगळं शाकाहारी. वाढणाऱ्यांत हिंदूच असतील असंही नाही, शेजारचे ख्रिस्ती आणि मुसलमान पणत्या लावायला आलेले असतात.

चग्वानासलाच दिवाळी नगर भरतं. तो सोहळा दिवाळीच्या आधीचे बरेच दिवस संध्याकाळी चालतो, त्यासाठी रजेची गरज नाही. दिवाळीच्या दुसऱ्या दिवसाची मात्र रजा टाका, कारण रात्री उशिरा परतताना वाहनांच्या रांगांत फार वेळ जातो.

१२. आईबाबांना भारतातून बोलवायचं आहे. कोणत्या सुट्टीच्या सुमारास बोलवू?

भारतातून थेट विमान नाही. लंडन, न्यूयॉर्क अशा कुठल्या तरी ठिकाणी विमान बदलावं लागतं आणि बदलाच्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे आधी तपासावं लागतं. प्रवासात दोन्ही बाजूंनी दीड-दोन दिवस जातात. म्हणून ज्येष्ठांना निदान महिनाभरासाठी बोलवा आणि तुमच्या रजा त्या महिन्यात पसरून टाका.

हवामान पाहिलं तर जानेवारी ते मे कोरडा काळ, जून ते डिसेंबर पावसाचा. त्रिनिदाद अगदी दक्षिणेला असल्याने मोठी चक्रीवादळं सहसा उत्तरेकडून निघून जातात, पण पाऊस धो धो पडतो. त्यामुळे मला दोन काळ सुचवावेसे वाटतात. एक, २०२७ मध्ये मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, म्हणजे प्रश्न ५ मधले पाच दिवस त्यांच्याबरोबर मिळतील. दोन, मे महिना. मेमध्ये आले तर ग्रांद रिव्हिएर किंवा मटुरा इथल्या किनाऱ्यावर रात्री अंडी घालायला येणारी लेदरबॅक कासवं बघता येतील. त्यांचा हंगाम १ मार्च ते ३१ ऑगस्ट. या किनाऱ्यांवर जायला परवाना लागतो आणि वाटाड्याबरोबरच जावं लागतं. कोकणात ऑलिव्ह रिडले पाहिलेल्यांनाही लेदरबॅकचा आकार बघून धक्का बसतो.

कार्निव्हलच्या सुमारास आईबाबांना बोलवू नका. विमानं महाग, राहण्याच्या जागा भरलेल्या आणि शहरात रात्रंदिवस आवाज.

१३. ३० मेची सुट्टी नेमकी कशाची? त्या दिवशी काय करावं?

३० मे १८४५ ला ‘फातेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून दोनशेहून अधिक भारतीय गिरमिटियांना घेऊन पारियाच्या आखातात पोचलं. त्यानंतर १९१७ पर्यंत १ लाख ४० हजारांच्या वर माणसं उसाच्या मळ्यांत राबायला इथे आणली गेली. त्यांच्या आठवणीचा हा दिवस.

भारतातून नव्याने आलेल्या माणसाने या दिवशी इथेच थांबावं अशी माझी मनापासून विनंती आहे. किनाऱ्यांवर आगमनाचं नाट्यरूप सादर होतं, गावोगावी भजनं आणि मिरवणुका असतात. दुपारी वॉटरलूच्या समुद्रातल्या मंदिराकडे जा. शिवदास साधू या ऊसमजुराने साखर कंपनीच्या जमिनीवर मंदिर बांधलं, ते पाडून टाकलं गेलं आणि त्यांना तुरुंगात टाकलं. तेव्हा समुद्र कोणाच्या मालकीचा नाही असं म्हणून त्यांनी किनाऱ्यापासून आत दगड-माती टाकत वर्षानुवर्षं एकट्याने जागा तयार केली. भरतीच्या वेळी त्या अरुंद वाटेच्या दोन्ही बाजूंना पाणी असतं. २०२७ ला सोमवारी सुट्टी असली तरी मुख्य कार्यक्रम रविवारी ३० लाच धरा.

१४. आणि ३० मार्च, १९ जून, १ ऑगस्ट?

स्पिरिच्युअल बॅप्टिस्ट पंथाच्या उपासनेवर १९१७ पासून कायद्याने बंदी होती. ती ३० मार्च १९५१ ला उठली. सुट्टी १९९६ पासून. १९ जून हा १९३७ मधल्या तेलक्षेत्रातल्या कामगार उठावाचा आणि त्याचे नेते ट्यूबल युराया बटलर यांच्या आठवणीचा दिवस. फिझाबादला युनियन्सचा मोठा मोर्चा असतो, त्या बाजूने जाणार असाल तर रस्ते बंद धरून चला. १ ऑगस्ट गुलामगिरीच्या अंताचा. १९८५ मध्ये तो राष्ट्रीय सुट्टी झाला आणि असं करणारा त्रिनिदाद अँड टोबॅगो हा जगातला पहिला देश. ऑफिसातले आफ्रिकन वंशाचे सहकारी त्या आठवड्यात पारंपरिक पोशाखात येतात, त्या आठवड्यात त्यांच्या रजेच्या अर्जाला आडवं येऊ नका.

१५. कॉर्पस क्रिस्टीला लोक घरी काय करतात?

झाडं लावतात. कॅथलिक सण आहे, मिरवणुका निघतात, पण जातिधर्म न पाहता सगळीकडे हा लागवडीचा दिवस मानला जातो, कारण पाऊस तोंडावर असतो. परसात मका, तूर, भेंडी लावायची असेल तर शेजाऱ्याकडून रोप मागून घ्या.

१६. जोडून सुट्टी आहे, टोबॅगोला जाता येईल का?

जाता येईल, पण सगळं त्रिनिदाद त्याच वेळी तिकडे निघालेलं असतं. पोर्ट ऑफ स्पेनहून स्कारबरोला बोट जाते, विमानाने अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं. ईस्टर आणि ऑगस्टची तिकिटं सुटल्या सुटल्या घ्या, आणि गाडी बोटीतून न्यायची असेल तर तिची जागा आधी धरा, माणसांच्या जागेपेक्षा ती लवकर संपते.

ईस्टरच्या मंगळवारी टोबॅगोतल्या बकू गावी बकऱ्यांच्या शर्यती होतात. १९२५ पासूनची परंपरा आहे. जॉकी बकरीवर बसत नाही, दोरी धरून तिच्या मागे अनवाणी धावतो. एरवी या मंगळवारी सार्वजनिक सुट्टी नसते, त्यामुळे त्रिनिदादमधल्या नोकरदाराला रजा टाकावी लागते. २०२७ मध्ये मात्र हा मंगळवार ३० मार्चलाच येतो. शर्यती पाहायच्या असतील तर हेच वर्ष. परतीचं तिकीट बुधवारचं ठेवा.

१७. सुट्टीच्या दिवशी दुकानं, बँका उघड्या असतात का?

बँका बंद. मोठी किराणा दुकानं बऱ्याच सुट्ट्यांना दुपारपर्यंत चालू असतात, पण गुड फ्रायडे आणि ख्रिसमसला जवळजवळ सगळं बंद. दूध, भाजी, पेट्रोल आदल्या दिवशी भरून ठेवा. औषधं संपत आली असतील तर ती त्याही आधी.

१८. मुलांच्या शाळेच्या सुट्ट्या याच तारखांना असतात का?

सार्वजनिक सुट्ट्या तर असतातच. शिवाय कार्निव्हलचे दोन दिवस, ईस्टरच्या सुमाराची सुट्टी, जुलैच्या सुरुवातीपासून ऑगस्टअखेरपर्यंतची मोठी सुट्टी आणि ख्रिसमसची सुट्टी. भारतात जायचं तर जुलै-ऑगस्टच धरावा लागतो, आणि तेव्हा ऑफिसातल्या सगळ्याच पालकांना रजा हवी असते. ज्यांना शाळकरी मुलं नाहीत त्यांनी हे दोन महिने इतरांसाठी सोडावेत आणि बदल्यात मेअखेरची जागा मागून घ्यावी. असा समझोता आमच्या ओळखीत अनेकांना उपयोगी पडला आहे.

१९. सरकार ऐनवेळी सुट्टी जाहीर करतं का?

क्वचित. १३ ऑक्टोबर २०१७ ला मूळ निवासी समाजांच्या सन्मानार्थ एका वेळेपुरती सुट्टी दिली होती. उलटंही घडलं आहे: १९९९ ते २००१ या काळात २४ सप्टेंबर यादीत नव्हता. त्यामुळे जुन्या यादीवर विसंबू नका. दरवर्षी सरकारने जाहीर केलेली ताजी यादी घ्या आणि कंपनीच्या परिपत्रकाशी ताडून पाहा.

२०. मी त्रिनिदादहून भारतातल्या टीमबरोबर काम करतो. मला कुठल्या सुट्ट्या लागू?

पगार आणि करार ज्या देशातल्या कंपनीचा, साधारणपणे तिथल्या सुट्ट्या. पण करारात स्पष्ट लिहिलं नसेल तर दोन्हीकडच्या गैरसोयी तुमच्या वाट्याला येतात: कार्निव्हलच्या सोमवारी पुण्यातून फोन, आणि १५ ऑगस्टला इथल्या ग्राहकाचा ईमेल. भारतात सकाळचे दहा म्हणजे इथे मध्यरात्रीचे साडेबारा, हा फरक वर्षभर तोच राहतो, कारण दोन्हीकडे घड्याळं मागेपुढे करत नाहीत. त्यामुळे भारतातल्या शुक्रवारच्या सुट्टीचा फायदा तुम्हाला इथे गुरुवारी रात्रीच मिळतो.

बहुतेकांना जमणारी तडजोड अशी: भारताच्या यादीतल्या ठरावीक संख्येएवढ्या सुट्ट्या घ्यायच्या, पण त्यांतल्या चार-पाच इथल्या सुट्ट्यांशी बदलून घ्यायच्या. पाडव्याऐवजी ईस्टर सोमवार, १ मेऐवजी ३० मेची बदली सुट्टी. डिसेंबरमध्येच पुढच्या वर्षाचा असा तक्ता करून दोन्हीकडच्या वरिष्ठांना पाठवा, दिवाळीची ओळ मोकळी ठेवा आणि इथली तारीख जाहीर झाली की भरा.